दमणहून पाणी आणणारे साडू

माझ्या आयुष्यात मला जेवढे म्हणून धक्के बसले, त्यांतले बहुतेक सगळे माझ्या थोरल्या साडूंनी दिलेले आहेत, आणि तेही केवळ खरं बोलून. खोटं बोलणारा माणूस फार तर फसवतो, चिडवतो. पण समोरच्याचा घास हातातच राहावा आणि तो तोंडात घालायचा की ताटात ठेवायचा हे त्याला सुचू नये, ही किमया खरं बोलणाऱ्यालाच साधते. आमच्या साडूंना ती जन्मजात साधलेली होती. त्यांना कुणाला दुखवायचं नसे, टोमणा मारायचा नसे, आपण किती सडेतोड आहोत हे दाखवायचं तर मुळीच नसे. त्यांना एक गोष्ट माहीत असे आणि समोरच्याला ती माहीत नसे, एवढंच. मग ती सांगितली नाही तर तो माणूस अंधारात राहील, अशी त्यांना मनापासून काळजी वाटायची. प्रकाश पाडल्यावर त्या माणसाचं काय होतं, याकडे त्यांचं लक्ष नसे.

मी तेव्हा सिल्वासाला सरकारी शाळेत मराठी शिकवत होतो. करमाफीच्या ओढीने कारखाने यायला सुरुवात झाली होती आणि त्यांच्यामागून मुंबई, पुणे, नाशिककडचे इंजिनियर, मॅनेजर, केमिस्ट येऊन टोकरखाड्यात नाहीतर किलवणी नाक्याच्या आसपास भाड्याने राहू लागले होते. त्या लाटेतच आमचे साडू आले. माझी बायको आणि तिची थोरली बहीण, जिला आम्ही सगळेच ताई म्हणतो, या दोघी चिपळूणच्या. ताईचे यजमान खडोलीच्या एका कापड छपाईच्या कारखान्यात सांडपाण्याचे केमिस्ट म्हणून लागले. म्हणजे रंगखात्यातून, छपाईतून, धुलाईतून जे जे वाईट पाणी वाहत येई ते टाक्यांमधून फिरवायचं, त्यात हवा सोडायची, ते सुधारायचं आणि मग नाल्यात सोडायचं. उंच, किडकिडीत माणूस, खिशापाशी रंगीत डाग पडलेला पांढरा शर्ट आणि चेहऱ्याच्या मानाने फार मोठं, सतत कामावर असलेलं नाक.

सिल्वासाला आल्यावर पहिलं जेवण आमच्याकडे होतं. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी पेला उचलला, नाकापाशी नेला, खाली ठेवला आणि अत्यंत आपुलकीने मला विचारलं, "मास्तर, तुमची बोअर आणि संडासाची टाकी यांच्यामध्ये अंतर किती आहे?" बायको पुरी लाटत होती. लाटणं थांबलं. ताई ताटाकडे बघत म्हणाली, "अहो, जेवून घ्या." ते म्हणाले, "जेवतोच आहे. पण ही माणसं रोज पितात ना." दुसऱ्या दिवशी ते परीक्षानळी घेऊन आले, आमच्या पाण्यात कसलेसे थेंब टाकले आणि पाणी डोळ्यांदेखत पिवळं झालं. अमोनिया. आम्ही त्या बोअरचं पाणी सोडून सरकारी नळावरून भरायला लागलो. धाकट्याचं वर्षभर चाललेलं पोटदुखीचं रडगाणं थांबलं, हे मान्य करायला बायकोला जरा वेळ लागला, पण तिने ते केलं. फक्त त्या दिवसापासून साडू जेवायला येणार म्हटलं की ती पाणी झाकून ठेवायची.

असे प्रसंग किती सांगावेत. शेजारच्या सत्यनारायणाला तळहातावर तीर्थ घेऊन त्यांनी भटजींना विचारलं होतं, "विहिरीचं का?" कॉलनीतल्या एका गृहस्थांनी नव्या घराच्या वास्तुशांतीला मोठ्या अभिमानाने त्यांना घर दाखवलं. दिवाणखाना, स्वयंपाकघर, गच्ची. सगळं पाहून झाल्यावर साडू म्हणाले, "फार सुंदर. आता हे सगळं जातं कुठे ते दाखवा." गृहस्थांना आधी प्रश्न कळला नाही. कळल्यावर ते जे गप्प झाले ते शेवटचं ताट उठेपर्यंत.

पण हे सगळे किरकोळ. मोठा धक्का दमणला बसला. एका रविवारी आम्ही दोन्ही कुटुंबं सहलीला म्हणून तिकडे गेलो होतो. ओहोटी होती. बायका-मुलं वाळूत बसली, मी भेळेच्या शोधात निघालो आणि साडू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खडकांमध्ये गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ताईचा पुऱ्यांचा डबा होता. पुऱ्या त्यांनी रुमालात बांधल्या होत्या. डब्यात समुद्राचं पाणी आणि त्यात दगडाच्या कपचीला चिकटलेला, लिंबापेक्षा जरा मोठा, नारिंगी, पुटकुळ्या आलेला एक गोळा. माझी बायको म्हणाली, "भाऊजी, हे कसलं फळ?"

"फळ नाही. प्राणी आहे. स्पंज."

"याला तोंड कुठाय?"

"अंगभर तोंडंच आहेत," ते म्हणाले आणि रुमालातली पुरी खाऊ लागले.

तो गोळा घरी आला. काचेच्या मोठ्या पेटीत समुद्राचं पाणी, हवेचे बुडबुडे सोडणारा छोटा पंप, आणि मध्ये हा. पहिला गोळा चार दिवसांत मेला. दुसराही मेला. मेलेल्या स्पंजाला जो वास येतो त्याचं वर्णन मी मराठीचा मास्तर असूनही करू शकत नाही. खालच्या मजल्यावरच्या पटेलबेन नाकाला पदर लावून वर आल्या आणि ताईला म्हणाल्या, "बेन, आ शेनी वास आवे छे?" ताईने काही सांगायच्या आत साडू आतून आले आणि त्यांनी मोडक्यातोडक्या गुजरातीत पटेलबेनना खरं ते सगळं सांगितलं. त्या जिना उतरल्या त्या भिंतीला धरून. पुढे कितीतरी दिवस त्यांनी ताईकडून विरजण नेलं नाही. शेवटी, पाणी वरचेवर बदललं आणि पेटी उन्हापासून लांब ठेवली तर स्पंज टिकतो असं साडूंच्या लक्षात आलं. तिसरा गोळा टिकला. इतका टिकला की घरातलं माणूस असावं तशी त्याची चौकशी होऊ लागली.

पाणी बदलायचं म्हणजे दमणहून आणायचं. आता भूगोल असा आहे की दमणला दारू चालते, सिल्वासाला चालते, आणि मध्ये वापी लागतं, तिथे गुजरात, म्हणजे दारूबंदी. रविवारच्या संध्याकाळी दमणहून येणाऱ्या बसमध्ये पोलीस चढतात ते कशासाठी हे सगळ्यांना ठाऊक असतं. एकदा मी त्यांच्या बरोबर होतो. साडूंच्या पायाशी दोन मोठे कॅन. शिपाई वाकला. "काका, आमां शुं छे?" साडू म्हणाले, "दरियानुं पाणी." शिपाई माझ्याकडे बघून हसला. "दमणथी कोई पाणी लावे?" अख्खी बस वळून बघायला लागली. सरकारी नोकरी माझी होती. साडूंनी शांतपणे कॅनचं झाकण काढलं आणि टोपणभर पाणी त्याच्या पुढे धरलं. "चाखी जुओ." त्याने खरंच चाखलं. त्याचा चेहरा जो झाला तो बघून मागच्या बाकावरची म्हातारी देवाचं नाव घेऊ लागली. त्यानंतर तो शिपाई साडूंना दुरूनच हात करायचा आणि पुढच्या माणसाकडे वळायचा. मागून कळलं की कॉलनीतल्या एकाने साडूंना हळूच विचारलं होतं, की तुमच्या एका कॅनमध्ये आमचंही काही आणाल का. साडूंनी त्याला सांगितलं, "आणेन. पण शिपायाने विचारलं तर मी सांगेन." तो विषय तिथेच मिटला.

हे सगळं कशासाठी, हे एकदा आमच्याकडे श्रीखंड-पुरीच्या जेवणावर त्यांनी उलगडून सांगितलं. मुंबईच्या कुठल्याशा ग्रंथालयात त्यांनी ते वाचलं होतं. "हा स्पंज दिवसभर पाणी आत घेतो आणि बाहेर सोडतो. पाण्यातलं बारीकसारीक खातो. खाल्लेल्यातलं नको ते अमोनिया म्हणून टाकतो. आपण लघवीवाटे टाकतो तसंच."

"भाऊजी, श्रीखंड वाढू?"

"वाढ. पण खरी गोष्ट पुढे आहे. याच्या अंगात सूक्ष्म जीव राहतात. कोट्यवधी. काही जातींत तर निम्मं अंग त्यांचंच. त्यांतले काही हा अमोनिया घेतात आणि त्याचं नायट्राइट करतात. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. त्यावर त्यांचं पोट चालतं."

"म्हणजे याची लघवी हे त्यांचं जेवण?" बायकोने विचारलं.

"अगदी बरोबर," साडू म्हणाले, विद्यार्थिनीने पहिला नंबर काढावा तशा कौतुकाने. "आणि मला वाटतं, अगदी आत, जिथे हवा पोचत नाही तिथे, नायट्रेटचा पुन्हा साधा नायट्रोजन होऊन जात असेल. आपल्या श्वासात असतो तो. पण हे अजून कुणी नीट पाहिलेलं नाही, माझा नुसता अंदाज आहे." बायकोने श्रीखंडाचं भांडं खाली ठेवलं. मी मात्र, का कोण जाणे, खरोखरच हादरलो होतो. लिंबाएवढा गोळा, ना डोळे, ना हात, आणि त्याच्या आत एवढा मोठा कारभार चाललेला, कुणाचं नकोसं ते कुणाचं हवंसं. त्या दिवशी मी श्रीखंड दोनदा घेतलं, असं बायको अजून सांगते.

अमोनियाचं नायट्राइट झालं की नाही हे बघायला साडू दोन बरण्या ठेवत. एकीत स्पंज, दुसरीत त्याच खडकावरचा नुसता दगड. कारण सूक्ष्म जीव दगडावरही असतात, आणि श्रेय चुकीच्या जीवाला द्यायचं नाही. दोन्हींतलं थोडं पाणी पेल्यात घेऊन त्यात औषध टाकायचं. नायट्राइट असलं तर पाणी गुलाबी होतं. दगडाच्या बरणीतला पेला जेमतेम फिकट गुलाबी, आणि स्पंजाचा पेला असा गुलाबी, की बघत राहावं.

नेमका तसा एक पेला बाहेरच्या टेबलावर राहिला, आणि त्याच दिवशी त्यांच्या मुलीला बघायला नाशिकची मंडळी आली. पेठच्या घाटातून बसने आलेली, उन्हाने बेजार झालेली. ताईने टेबल आवरायला सांगितलं होतं. साडूंनी पसारा आवरला होता, पेला मात्र ठेवला होता, कारण रंग अजून चढत होता. मुलाच्या आईने गुलाबाचं सरबत समजून तो उचलला. साडूंनी पुढे होऊन त्यांच्या हातातून तो काढून घेतला. "हे पिऊ नका, यात आम्ल आहे," ते म्हणाले. इथे थांबले असते तर सगळं निभावलं असतं. पण अर्धवट सांगितलेली गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरत नसे. "आणि मूळ पाणी त्या प्राण्याचं आहे," त्यांनी पेटीकडे बोट केलं, "त्याच्या मूत्रापासून हा रंग आलाय."

खोलीत पंखा तेवढा फिरत होता. ताईने डोळे मिटून घेतले. मुलाचे वडील पेटीकडे बघत राहिले आणि मुलगा बुटाच्या टोकाकडे. आतल्या खोलीत मुलगी हसत होती की रडत होती, हे तिच्याजवळ बसलेल्या माझ्या बायकोलाही नक्की सांगता येईना. पाहुणे गेल्यावर ताई एकच वाक्य बोलली, "आता हिला तुमच्या स्पंजालाच द्या." आणि पदर खोचून भांडी घासायला बसली.

पंधरवड्याने होकार आला. आम्ही सगळे थक्क. मुलाच्या आईने मध्यस्थाला सांगितलं होतं, की जो बाप पेल्यात काय आहे ते जराही लाज न बाळगता सांगतो, तो मुलीबद्दल काही लपवणार नाही. साडूंना यात नवल काय ते कळलं नाही. "लपवण्यासारखं आहे काय तिच्यात?" त्यांनी मला विचारलं.

लग्न ठरलं, आणि त्याच उन्हाळ्यात कारखान्यातलं प्रकरण झालं. छपाईत युरिया वापरायचे. त्या पाण्यात अमोनिया उतरायचा. टाकीत तो खाणारे सूक्ष्म जीव असायचे, पण ते फार सावकाश वाढतात, आणि कारखान्याने काम वाढवल्यापासून पाणी इतक्या वेगाने यायला लागलं होतं की ते वाढायच्या आत वाहून जायचे. नाल्यात मासे मरून वर आले. खालच्या पाड्यावरची माणसं कारखान्याच्या फाटकाशी येऊन बसली. मॅनेजर पुण्याचे, बोलायला गोड. त्यांनी बैठक बोलावली. पाड्यावरची बरीच मुलं माझ्या वर्गात होती, म्हणून मलाही बोलावलं, लोकांना समजावून सांगायला. बैठकीआधी मॅनेजर माझ्यासमोरच साडूंना म्हणाले, "तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, की पाणी मर्यादेत आहे. बाकी मी बघतो." साडू काही बोलले नाहीत. मला वाटलं, होकार दिला. आज विचार केला तर कळतं, त्यांनी फक्त ऐकलं होतं.

लोक मांडवात बसले. एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "आमची म्हस त्या पान्याला तोंड नाय लावं. तुमी सांगा, पानी चांगला हाय का वंगाल?" मॅनेजरांनी हाताने साडूंकडे निर्देश केला. साडू उभे राहिले. "पाणी वाईट आहे," ते म्हणाले. "मी रोज तपासतो. म्हैस बरोबर आहे."

मी आयुष्यात पुष्कळ शांतता ऐकल्या आहेत, मास्तर असल्यामुळे. तशी कधी ऐकली नाही. मॅनेजरांचा हात तसाच हवेत राहिला. साडू मात्र पुढे बोलतच होते. का वाईट आहे, अमोनिया म्हणजे काय, तो खाणारे जीव का टिकत नाहीत, आणि ते टिकवायला काय करून बघता येईल. दुरुस्ती होईपर्यंत गुरं नाल्यावर सोडू नका, असंही सांगितलं. माणसं उठून जाताना म्हातारा साडूंपाशी थांबला, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि गेला.

नंतर ऑफिसात मॅनेजर हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही कुणाचं मीठ खाता?"

"कंपनीचं," साडू म्हणाले. "म्हणून तर सांगितलं. उद्या माणसं आजारी पडली असती तर कंपनीला जड गेलं असतं."

त्यांना त्याच दिवशी काढलं असतं, पण पाड्यावरच्या लोकांनी कळवलं की आम्ही त्या उंच माणसाशीच बोलू. मॅनेजरांचा नाइलाज झाला. पावसाळ्यापर्यंत काय करायचं ते करा, म्हणाले, पण नवीन काही मागायचं नाही. साडूंच्या डोक्यात कल्पना तयार होती. स्पंजात जीव आतल्या बारीक पोकळ्यांमध्ये राहतात, पाणी कितीही जोरात गेलं तरी वाहून जात नाहीत. टाकीतल्या जीवांनाही तसं घर दिलं तर? "तुमच्या पेटीतलेच सोडायचे का टाकीत?" मी विचारलं. "छे, ते समुद्रातले, इथे जगणार नाहीत. इथलेच जीव, फक्त त्यांना बसायला जागा." जागा म्हणजे काय, हे दोन दिवसांनी कळलं. ताई रिक्षातून आमच्या दारात उतरली. तिच्या हातात फोमचा एक चौकोनी तुकडा होता, आगपेटीएवढा.

"ओळख पाहू," ती माझ्या बायकोला म्हणाली.

लेकीच्या संसारासाठी घेतलेल्या दोन नव्या गाद्या साडूंनी कापल्या होत्या. सुरीने, एकसारखे तुकडे करून, पोत्यांत भरून ते कारखान्यात घेऊन गेले होते. खोळी नीट घडी घालून कपाटात ठेवल्या होत्या, त्या ताईला जास्त लागल्या. ती आमच्याकडेच राहिली. साडू संध्याकाळी यायचे, ओट्यावर बसायचे. ताई आतून बाहेर यायची नाही. ते आतल्या दिशेने टाकीची हकिकत सांगायचे, म्हणजे मला सांगायचे, पण जरा मोठ्याने. तुकडे पाण्यात बुडाले. तुकड्यांवर बुळबुळीत थर धरला. थर तपकिरी झाला. माझ्या बायकोने आत विचारलं, "ताई, चांगलं की वाईट?" आतून उत्तर आलं, "तपकिरी म्हणजे चांगलं असणार. आवाजावरून कळत नाही का?"

आणि एका संध्याकाळी ते आलेच नाहीत. ताई दोनदा दारापर्यंत येऊन गेली. दुसऱ्या दिवशी तीच मला म्हणाली, "मास्तर, जरा खडोलीला जाऊन येऊ." आम्ही गेलो. साडू प्रयोगासाठी घेतलेल्या एका छोट्या टाकीच्या कठड्याला टेकून उभे होते, दाढी वाढलेली, हातात पेला. पेल्यातलं पाणी गुलाबी होतं. ताईला बघून त्यांनी पेला पुढे केला. ती म्हणाली, "पिऊ नका म्हणजे झालं." मग तिने टाकीत वाकून बघितलं. लेकीच्या गाद्या पाण्यात गरगरत होत्या आणि काही तुकड्यांमधून अगदी बारीक बुडबुडे सुटत होते. "हे काय?" तिने विचारलं. साडू म्हणाले, "नायट्रोजन असावा. हवेत चाललाय." ती बराच वेळ त्या बुडबुड्यांकडे बघत उभी राहिली. घरी जाताना ती आमच्याकडे उतरली नाही; रिक्षा सरळ तिच्या घरी नेली.

पावसाळ्यानंतर त्या म्हाताऱ्याने माझ्या वर्गातल्या नातवाबरोबर निरोप पाठवला, की म्हैस पाणी प्यायली. कारखान्याने एका सोफेवाल्याकडून फोमची कात्रणं आणून मोठी टाकी भरली. मॅनेजरांनी बाहेरच्या पाहुण्यांना ती मोठ्या अभिमानाने दाखवली. पुढच्या वर्षी साडूंच्या जागी दुसरा केमिस्ट आला. काढलं असं कुणी म्हटलं नाही. तुम्हाला आता विश्रांतीची गरज आहे, असं म्हणाले. साडूंनी सांगितलं, "मला गरज नाही." मी संतापलो होतो. ते मात्र नवीन माणसाला साचलेला गाळ काढायला तुकडे कसे पिळायचे, कधी पिळायचे नाहीत, हे दोन दिवस थांबून शिकवून आले.

वापी-सिल्वासात त्यांना मग कुणी घेईना. बैठकीतली गोष्ट त्यांच्या पुढे पुढे जात होती. शेवटी आखातात एका सांडपाण्याच्या प्लांटवर नोकरी मिळाली. कुटुंब नेता येत नव्हतं. मुलगी सासरी नाशिकला. ताई एकटी राहिली, आणि काचेच्या पेटीतला तो नारिंगी गोळा. निघायच्या दिवशी त्यांनी तिला पाणी कसं बदलायचं, पंप कसा साफ करायचा, हे सगळं समजावलं. बाकी काही बोलल्याचं मला आठवत नाही. बस सुटताना ते खिडकीतून म्हणाले, "ऊन लागू देऊ नकोस त्याला."

दमणला आता मी जाऊ लागलो. शिपाई मलाही दुरून हात करायला लागला. आमच्याकडे नुकताच फोन बसवला होता, म्हणून साडू रविवारी दुपारी आमच्याकडे फोन करायचे आणि ताई जेवण आटोपून, चांगलं लुगडं नेसून येऊन बसायची. संभाषण असं: "कसा आहे?" "ठीक आहे." "पाणी बदललं?" "मास्तरांनी आणलं." "रंग?" "तसाच." मग खर्च फार होतो म्हणून फोन ठेवायचे. हे नवरा-बायकोचं बोलणं आहे असं तिऱ्हाइताला सांगून पटलं नसतं.

त्या मे महिन्यात वीज फार जायची. एकदा सबंध दिवस गेली. पंप बंद, पाणी तापलं. दुसऱ्या दिवशी ताईने मला बोलावलं तेव्हा गोळा राखाडी झाला होता आणि वास सुटला होता. तिने तो स्वतःच्या हाताने काढला आणि कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला. मी म्हटलं, "रविवारी मी सांगू का त्यांना?" ती म्हणाली, "कुणी काही सांगायचं नाही." आणि रविवारी फोनवर, या बाईने, जिने नवऱ्याच्या खरेपणापायी इतकी वर्षं काढली, अगदी सहज आवाजात सांगितलं, "ठणठणीत आहे. कालच पाणी बदललं." मी वर्तमानपत्राआडून तिच्याकडे बघतच राहिलो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही.

दिवाळीच्या सुमारास एकदा ताईला यायला उशीर झाला आणि फोन मी घेतला. खुशाली झाली. मग ते म्हणाले, "मास्तर, स्पंज गेला ना?"

मला खोटं बोलता येईना आणि खरंही.

"उन्हाळ्यातच गेला असणार," ते म्हणाले. "ती दर आठवड्याला ठणठणीत म्हणते. जिवंत वस्तू दर आठवड्याला ठणठणीत नसते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तिला सांगू नका मला कळलंय म्हणून," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला पुष्कळ हादरवलं होतं, पण या वाक्याएवढं कधीच नाही.

तेवढ्यात जिन्यात ताईची पावलं वाजली. ती धापा टाकत आत आली, पदर सारखा केला आणि माझ्या हातातून फोन घेतला. त्यांनी नेहमीचं विचारलं असावं. ती जरा थांबली, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "अहो, त्याला एक नवा फुटवा आलाय. एवढासा आहे. मोहरीएवढा."

मग ती ऐकत राहिली. पलीकडून ते फुटव्याची काळजी कशी घ्यायची हे सांगत होते, सविस्तर, काही न वगळता. ताई मधून मधून हुंकार देत होती आणि दुसऱ्या हाताने फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती. त्या रविवारी त्यांनी खर्चाचा विचार केला नाही.